नमाजघरातली उशी

(मदुरा बेटावरच्या एका गावातला दवाखाना. सुराबायाहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर वुलान आणि इथल्याच लैंगिक समुपदेशक इबू (म्हणजे बाई) मस्रुफा. बाहेर बाकावर जुहैरिया आणि तिचा नवरा मसूदी.)

वुलान : नाही इबू, आज मी गप्प बसणार नाही. त्याला आत बोलावते आणि तोंडावर विचारते.

मस्रुफा : काय विचारशील?

वुलान : बायकोवर जबरदस्ती करतोस का. दुसरं काय विचारणार, मिठाचा भाव?

मस्रुफा : मग पुढचं मी सांगते. ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसलाय ना, ते डोक्यावर घालेल, जुहैरियाला घरी सोडेल, आपले कपडे पिशवीत भरेल आणि आईकडे निघून जाईल. तुमच्याकडे काय असेल ते असो, इथे नवरा बायकोच्या अंगणात राहायला येतो. त्याला जायला एक पिशवी पुरते. त्याचे काका मौलूद, पैगंबर जयंतीचा सण, झाला की बोलणी करायला येणारच आहेत. सोडचिठ्ठीची. तू त्यांच्या हातात आयतं कोलीत देशील.

वुलान : मग मी डोळे मिटून घेऊ? जे दिसलं ते दिसलं. गेल्या खेपेपेक्षा जास्त लाल. सोलवटलेलं. नुसता कापूस टेकवला तर ओरडली. तुम्ही म्हणता, त्यांना संबंध बंद ठेवायला सांगितलंय. बंद आहे तर हे झालं कशानं? वाऱ्यानं?

मस्रुफा : बंदच आहे. मसूदी शब्दाचा पक्का आहे. मागच्या आठवड्यात मी त्याला वेगळं बसवून विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "अल्लाची शपथ इबू, मी तिच्या अंगाला बोटसुद्धा लावलेलं नाही."

वुलान : सगळे असंच म्हणतात.

मस्रुफा : सगळे असं म्हणत नाहीत. सगळे म्हणतात, तीच नाटकं करते. हा पहिल्या दिवशी माझ्यासमोर रडला होता. लग्नानंतर ती जी किंचाळली ते अजून कानातून जात नाही म्हणाला.

वुलान : रडणारेही मारतात. मी पाहिलेत.

मस्रुफा : मीही पाहिलेत. तुझ्यापेक्षा चार जास्तच.

वुलान : बरं, मग हे सांगा. दोन वर्षं झाली लग्नाला, एकदाही संबंध जमलेला नाही. जवळ गेलं की तिचे स्नायू आवळले जातात, तिच्या हातात काही राहत नाही, इथवर तुमचं-माझं एकमत. पण मधे ती तुमची सरावाची पहिली नळी, करंगळीएवढी, आत घालायला तिची तिला जमायला लागली होती. किती खूश होती. आता तीही जात नाही. आपण पुढे चाललोय का मागे? मला वाटतं, सुराबायाला नेऊ. भूल देऊन स्नायू सैल करू आणि मोकळे होऊ.

मस्रुफा : भूल देऊन तू दार उघडशील. शुद्धीवर आली की ती पुन्हा कडी घालेल. कडी भीतीनं घातलीये बाई.

वुलान : भीती तुमच्या खोलीत, जखम माझ्या खोलीत. आणि ती पोरगी मधला पडदा सारून इकडून तिकडे, तिकडून इकडे.

मस्रुफा : आता बोललीस. तुला ती अर्धं सांगते, मला अर्धं. आपण दोघी समजतो की उरलेलं दुसरीला ठाऊक असेल. म्हणून तर मी माझी खुर्ची उचलून इकडे आणली. आज दोघींसमोर बसव तिला. मग त्याला बोलवायचं की नाही ते ठरव.

वुलान : आणि ती बोललीच नाही तर?

मस्रुफा : तर बोलाव त्याला. मी आडवी येणार नाही.

वुलान : ठीक. पण प्रश्न मी विचारणार.

मस्रुफा : विचार. फक्त फौजदारासारखे नको.

वुलान : जुहैरिया, ये आत. एकटीच ये, त्यांना बसू दे.

जुहैरिया : दोघी एकदम? काही वाईट निघालं का डॉक्टर?

मस्रुफा : वाईट काही नाही गं. एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगून तुझी जीभ झिजली असेल, म्हणून. बैस. हातात काय आणलंस?

जुहैरिया : ही... बाटली. आईनं दिलीये, डॉक्टरांसाठी.

वुलान : माझ्यासाठी? मला कशाला?

जुहैरिया : मी नको म्हणत होते. पण ती ऐकत नाही. म्हणाली, डॉक्टर एवढ्या लांब पूल ओलांडून येतात, यजमान एकटे तिकडे सुराबायाला. पुरुषाची जात. घ्यायला लागल्या की ते त्यांना पुलापर्यंत पोचवायला येतील.

मस्रुफा : घे की. हिच्या आईचा जामू, पाना-मुळ्यांचा काढा, साधासुधा नाही. बाजारात तिच्या टोपलीपुढे गर्दी असते. मी स्वतः वर्षानुवर्षं पिते. माझे यजमान म्हातारे झाले, पण अजून घर सोडून कुठे गेले नाहीत.

वुलान : तुमच्या यजमानांना गुडघ्यामुळे जाता येत नाही.

मस्रुफा : तेही आहेच.

वुलान : आईला सांग, मनापासून आभार. पण हळदीसारखा पिवळा नाही दिसत हा. काळपट आहे. हे प्यायचं?

जुहैरिया : नाही, प्यायचा वेगळा असतो. हा... धुवायचा. गरम पाण्यात घालून. खालून.

वुलान : खालून.

जुहैरिया : हो.

वुलान : काय काय असतं यात?

जुहैरिया : विड्याची पानं उकळून. मायफळ. तुरटी. आणखी दोन मुळ्या असतात, त्या आई कुणाला सांगत नाही. मलापण नाही.

वुलान : मायफळ आणि तुरटी. जुहैरिया, हे तू वापरतेस?

जुहैरिया : वापरते म्हणजे... सगळ्याच वापरतात डॉक्टर.

मस्रुफा : थांब, थांब. सगळ्या कुठे? हा काढा बाळंतिणीचा. मूल झालं, अंग सैल झालं, की मग. नव्या नवरीला कोण देतं हा? तुला कोणी दिला?

जुहैरिया : आईनंच.

वुलान : कधीपासून?

जुहैरिया : पिते तर लहानपणापासून. हा धुवायचा... आता रोज. सकाळी आणि संध्याकाळी. आधी नुसत्या पानांचं पाणी होतं. मग आईनं हळूहळू घट्ट केला.

वुलान : आणि मी पहिल्या दिवसापासून दर खेपेला विचारतेय, काही औषध घेतेस का, काही औषध लावतेस का. तू दर खेपेला नाही म्हणतेस.

जुहैरिया : औषध नाहीच घेत. हा जामू आहे.

वुलान : इबू, ऐकलंत?

मस्रुफा : ऐकलं. मला विचारलं असतंस तर मीही नाहीच म्हटलं असतं. आमच्याकडे जामूला कोणी औषध म्हणत नाही. पाणी पितो तसा पितो.

वुलान : चटका बसतो ना? हे धुतल्यावर?

जुहैरिया : बसतो. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येतं. आई म्हणते, झोंबतंय म्हणजे लागू पडतंय.

वुलान : तुरटीनं कातडी कोरडी पडते. मायफळानं आवळते. तुझे स्नायू आधीच आवळलेले. त्यावर रोज दोनदा हे. कोरड्या, सोललेल्या जागी काहीही टेकलं तरी आग होणार. आग झाली की अंग घाबरणार. घाबरलं की आणखी आवळणार. ती करंगळीएवढी नळी जाईनाशी झाली ती यानं. तू कुठे कमी पडली नाहीस.

जुहैरिया : म्हणजे मला जे दुखतंय ते... मला वाटलं मी आतून बिघडत चाललेय.

वुलान : बिघडलेली नाहीस. भाजलेली आहेस. भाजलेलं बरं होतं.

मस्रुफा : रड, रड बाळ. रुमाल घे. 

वुलान : हा माझा घे, धुतलेला आहे.

जुहैरिया : आईनं मुद्दाम नाही केलं.

मस्रुफा : कोण म्हणतंय मुद्दाम? पण मला एक सांग. काढा घट्ट केला तो कधी? काय झालं होतं तेव्हा?

जुहैरिया : हे... बाहेर झोपायला गेले तेव्हापासून.

मस्रुफा : बाहेर कुठे?

जुहैरिया : अंगणातल्या नमाजघरात.

मस्रुफा : मसूदी नमाजघरात झोपतो? रोज?

जुहैरिया : तुम्हीच नाही का म्हणालात इबू, काही करायचं नाही म्हणून. ते म्हणाले, शेजारी झोपलो तर माझा माझ्यावर भरवसा नाही, आणि इबूंना शब्द दिलाय. रात्री सगळे झोपल्यावर उशी काखेत मारून गेले. गुपचूप. पण पहाटे मावशी अंगण झाडायला उठली, तिनं पाहिलं. दिवस वर येईपर्यंत सगळ्या घरांना कळलं.

वुलान : नमाजघरात झोपलं तर काय होतं? मला कळू दे.

मस्रुफा : सगळ्या बहिणींची घरं एका ओळीत, एकच अंगण, पश्चिमेला नमाजघर. तिथे पाहुणा झोपतो, नाहीतर लग्न न झालेला पोरगा. लग्न झालेला माणूस तिथे उशी घेऊन गेला म्हणजे बायकोनं घराबाहेर काढला, नाहीतर तो निघायच्या बेतात आहे. त्याच्या काकांपर्यंत बातमी गेली कशी, मला आत्ता समजतंय.

जुहैरिया : आईनं मला विचारलं. मी काय सांगणार? उपचाराचं बोलायची लाज वाटते. ती म्हणाली, नवरा बाहेर झोपतो म्हणजे आपल्यातच काही कमी असेल. त्याच संध्याकाळी मोठं पातेलं चढवलं.

वुलान : इबू, एक विचारू? तुमच्या उपचारात नुसतं बंद ठेवायचं होतं, की आणखी काही होतं?

मस्रुफा : आणखी होतं. तेच तर मुख्य. रोज एकमेकांजवळ पडायचं. हात हातात घ्यायचा, पाठीवरून फिरवायचा, केसांतून. पुढे कुठे जायचं नाही हे दोघांना पक्कं माहीत, म्हणून भीती नाही. अंगाला हळूहळू कळतं की जवळ येणं म्हणजे दुखणं नाही.

वुलान : आणि तो तुम्हाला म्हणाला, बोटसुद्धा लावलेलं नाही.

मस्रुफा : हो गं बाई. आणि मी त्याला शाबासकी दिली.

वुलान : मला वाटलं होतं तो खोटं बोलतोय.

मस्रुफा : खरं बोलत होता, तेच नडलं. बोट लाव म्हणून सांगितलेलं, त्यानं फक्त 'नको' तेवढं ऐकलं. मीही शपथ ऐकली आणि खूश झाले. तुला हसायचं असेल तर हस.

वुलान : हसू कशी? मी तिच्या नवऱ्याला आज जनावर म्हणणार होते.

जुहैरिया : ह्यांना? का?

मस्रुफा : काही नाही. डॉक्टरांना लाली दिसत होती, मला भीती दिसत होती, पातेलं कोणालाच दिसत नव्हतं. आता तिन्ही एका टेबलावर आलीत. वुलान, तुझं आधी सांग.

वुलान : काढा आजपासून बंद. धुरी असेल तर तीही बंद. नुसतं साधं पाणी. हे मलम देते, झोपताना लावायचं, थंड वाटेल. कातडी भरून येईपर्यंत नळीचा सराव नाही, कसलाही नाही. बरी झालीस की पुन्हा पहिल्या नळीपासून, भरपूर तेल लावून. घाई झाली तर आधी स्वतःला रागवीन, मग तुला. आणि जुहैरिया, जमलं होतं ते पुन्हा जमेल. मला त्यात शंका नाही.

मस्रुफा : माझं एवढंच. मसूदी घरात झोपेल. तुझ्या शेजारी, पाठ टेकवून झोपला तरी चालेल. त्याचा भरवसा त्याच्यावर नसेल तर माझा आहे म्हणून सांग. आणि पुढच्या खेपेला तोही आत येईल, आपण चौघं बसू. पडदा मी काढूनच टाकते.

वुलान : आईचं काय? मी तिच्याशी बोलते. नंबर दे. हे पाणी कोणाच्याच अंगाला बरं नाही, बाळंतिणीच्याही नाही. बाजारभर विकतेय ती.

मस्रुफा : वुलान, आज नको.

वुलान : आज नको, उद्या नको. कधी?

मस्रुफा : तिच्याशी मी बोलेन, तूही बोलशील, आपण तिच्या घरी चहाला जाऊन बोलू. पण आज तू फोनवर तिच्या टोपलीला विष म्हणालीस तर ती मुलीला इकडे पाठवायचीच बंद करेल. सुराबायाची डॉक्टर आम्हाला शिकवते, म्हणेल. आधी ही एक वाचू दे.

वुलान : आणि तोवर बाकीच्या भाजत राहू देत?

मस्रुफा : तुझं बरोबर आहे. मी नाही म्हणत नाहीये.

जुहैरिया : डॉक्टर, मी बोलू?

वुलान : बोल.

जुहैरिया : तुम्ही बोललात तर आई फोनवर हो हो म्हणेल. मोठ्या माणसांना ती उलट बोलत नाही. आणि संध्याकाळी परत पातेलं ठेवेल. मीच सांगते तिला.

मस्रुफा : तुला जमेल? मघाशी म्हणालीस, लाज वाटते.

जुहैरिया : वाटतेच आहे. पण दोन वर्षं मी सगळ्यांचं ऐकतेय. आई म्हणते पी, पिते. सासूबाई म्हणतात दर्ग्याला जा, जाते. मागच्या डॉक्टरांनी सांगितलं मनावर घेऊ नको, तेही करून पाहिलं. मला बरं व्हायचंय. काकांनी येऊ नये म्हणून नाही. मुलासाठीपण नाही, ते नंतरचं. मला ह्यांच्याशेजारी न घाबरता झोपायचंय. एवढंच पाहिजे मला, आणि ते मी घेणार.

वुलान : घेशील.

जुहैरिया : आईला काढ्याचं वाईट नाही म्हणणार मी. तिनं त्याच्यावर आम्हा बहिणींना वाढवलंय. मला सोसत नाही, एवढं सांगेन. बाकीचं तुम्ही चहाला या तेव्हा.

मस्रुफा : बघ वुलान, आपल्यापेक्षा शहाणी आहे.

वुलान : आपल्याइतकी आहे. तुमच्या चहाला मी येणार, हे लिहून घ्या. आणि यांना, मसूदींना, कोण सांगणार?

जुहैरिया : ह्यांना मी गाडीवर सांगते. समोरासमोर बसलं की ते जमिनीकडे बघतात. गाडी चालवताना पाठीमागून सांगितलं की नीट ऐकतात.

मस्रुफा : हात लावायचाय म्हणावं. इबू ओरडल्या म्हणावं, का नाही लावलास.

जुहैरिया : असं कसं सांगू?

मस्रुफा : पाठीमागूनच सांगायचंय ना? मग काय हरकत आहे.

जुहैरिया : आईला इथूनच करू का फोन? घरी गेल्यावर धीर होणार नाही. मावश्या असतात.

वुलान : कर. आम्ही बाहेर जाऊ?

जुहैरिया : नका जाऊ. बसा. ... हॅलो, आई. हो, दवाखान्यातच आहे. हो, दिली बाटली. हो, आवडली त्यांना. आई, ऐक. मला तुझं धुवायचं पाणी सोसत नाहीये. आग होते. ... नाही, डॉक्टरांनी नाही शिकवलं, अंग माझं आहे, आग मला होते. तुला सांगितलं नाही, माझंच चुकलं. ... नाही गं, तुझ्या हाताला दोष नाही. तुझा हात चांगला आहे. माझ्यासाठी तो काढा नाही, एवढंच. ... आई, रडू नको. तू रडलीस तर मी पण रडेन, आणि मला अजून बोलायचंय.

मस्रुफा : पाणी दे तिला.

जुहैरिया : नको, नको. आई, आज पातेलं ठेवू नको. नुसतं आजच नाही, उद्यापण नको. ... हो, प्यायचा पिईन. ... नाही, यांचा माझ्यावर राग नाही. कधीच नव्हता. उपचाराचं पथ्य होतं ते, ह्यांना नीट कळलं नव्हतं, ते बाहेर गेले ते मला दुखू नये म्हणून. ... मला खरंच माहीत आहे आई. ... काकांना येऊ दे. येतील तर चहा देऊ. आई, माझं एक काम करशील? तूच करायचं, मावशीला सांगायचं नाही. नमाजघरात ह्यांची उशी आहे, निळ्या अभ्र्याची. ती माझ्या खोलीत आणून ठेव. ... नाही, अंधार पडल्यावर नको. आत्ताच ने. मावश्या अंगणात मासे वाळवत असतील ना? त्यांच्या समोरून ने.